डोनल्ड डग्लस व त्यांचें विमान

‘डकोटा’ हें नांव आपल्या वाडवडिलांच्या ओळखीचें होतें. तें विमान निर्माण करणाऱ्या गृहस्थांचें नांव मात्र फार थोड्यांस ठाऊक असे. डोनल्ड विल्स डग्लस यांचा जन्म ६ एप्रिल १८९२ रोजीं न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागांत झाला. आरमारांत अधिकारी व्हावें म्हणून ते अ‍ॅनापोलिसच्या विद्यालयांत गेले खरे, परंतु त्यापूर्वींच त्यांनीं ऑरव्हिल राइट यांचें उड्डाण पाहिलें होतें. मग समुद्रावर मन कसें रमावें? १९१२ सालीं त्यांनीं तें विद्यालय सोडलें आणि मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षणसंस्थेंतील चार वर्षांचा अभ्यास दोनच वर्षांत पुरा केला. १९२० सालीं लॉस एंजेलिस येथें एका न्हाव्याच्या दुकानामागील जागेंत त्यांचा धंदा सुरू झाला.

१ जुलै १९३३ रोजीं त्यांचें डी. सी. १ हें विमान प्रथम उडालें. पण नाक वर होतांच इंजिनें बंद पडत आणि नाक खालीं येतांच पुनः चालूं होत! वैमानिकानें कसेंबसें तें सुखरूप उतरविलें. दोष निघाला कार्ब्युरेटरमधील तरंगत्या भागाचा. तो उलट बसविल्यामुळें चढतांना इंधन तुटत असे. पुढें एका विमान कंपनीनें प्रवाशांस निजतां येईल असें विमान मागितलें. डग्लस प्रथम राजी नव्हते. कंपनीनें वीस विमानांची हमी दिली तेव्हां कुठें ते कामास लागले. १७ डिसेंबर १९३५ रोजीं तें विमान उडालें. त्यांत चौदा बिछाने होते. त्याच्याच दिवसाच्या प्रवासाच्या आवृत्तींत, म्हणजे डी. सी. ३ मध्यें, एकवीस आसनें बसत.

महायुद्ध आलें आणि याच विमानाचें सी-४७ झालें. पंख, शेपूट व एकंदर आकार जवळजवळ तोच राहिला. फरक पडला तो पोटांत. प्रवाशांच्या अरुंद दाराऐवजीं डाव्या बाजूस दोन फळ्यांचें रुंद दार आलें, कारण आतां जीपगाडी किंवा लहान तोफ आंत घ्यावयाची होती. तो भार सोसावा म्हणून जमीन भक्कम केली व सामान बांधण्यास कड्या बसविल्या. मऊ खुर्च्या जाऊन भिंतीलगत बांकें आलीं. त्यांवर अठ्ठावीस शिपाई बसत. छतास कांचेचा लहान घुमट बसविला, तो रात्रीं तारे पाहून मार्ग ठरविण्यासाठीं. ग्लायडर ओढण्याकरितां कित्येक विमानांच्या शेपटीचें टोंकही कापलें. ज्या विमानांत निजण्याची सोय होती, त्याच घडणीच्या विमानांतून जून १९४४ च्या एका रात्रीं हजारों तरुणांनीं नॉर्मंडीच्या काळोखांत उड्या घेतल्या. त्यांतील किती परतले नाहींत, हें त्यांच्या आयांनाच ठाऊक!

लष्करासाठीं अशीं दहा हजारांवर विमानें बनलीं. युद्ध संपतांच तीं स्वस्तांत विकलीं गेलीं. हिंदुस्थानांतील विमान कंपन्यांनींही घेतलीं व आंत पुनः खुर्च्या बसविल्या. रुंद दार मात्र बहुधा तसेंच राही, आणि त्यावरून जाणता मनुष्य विमानाची पूर्वीची नोकरी ओळखी. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं आपले शिपाई दिल्लीहून श्रीनगरास उतरले ते डकोटांतूनच.

१९६७ सालीं पैशाच्या अडचणीमुळें डग्लस यांची कंपनी मॅकडोनेल कंपनींत विलीन झाली. १ फेब्रुवारी १९८१ रोजीं ते वारले. त्यानंतर चाळीस वर्षांनींही त्यांचीं कांहीं जुनीं विमानें आकाशांत दिसत होतीं.