लग्न लावायचे कोणी?

चाकणच्या कारखान्यांत ओळख होऊन विवाहबद्ध होणारी अनेक जोडपी आज वेगवेगळ्या जातींची, कधी वेगवेगळ्या प्रांतांचीही असतात. मग प्रश्न उभा राहतो, लग्न लावायला बोलवायचे कोणाला? एका घरचा पुरोहित आणला तर दुसरे घर रुसते. नुसत्या नोंदणीने आईबापांचे समाधान होत नाही. हा पेच नवा नव्हे. चाकणवरून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्याने जुन्नर तालुक्यात गेले की तो शंभरावर वर्षांपूर्वीच न्यायालयात पोहोचला असल्याचे आढळते. त्याच्या मुळाशी होते पुण्याचे जोतीराव फुले.

जोतीरावांचा स्वतःचा विवाह १८४० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, नायगावच्या सावित्रीबाईंशी झाला. तो अर्थातच रूढ पद्धतीने. पुढे १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या वरातीत जातीवरून अपमान झाल्यामुळे त्यांना परत फिरावे लागले. चरित्रकार या प्रसंगाला फार महत्त्व देतात. आम्हांला त्याहून मोलाची वाटतात ती पुढची पंचवीस वर्षे. दुखावलेली माणसे बहुधा कुढत बसतात. जोतीरावांनी शाळा काढल्या आणि मग विवाहविधीलाच हात घातला.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबरला, सीताराम जबाजी आल्हाट यांचा राधा हिच्याशी पुरोहितावाचून विवाह लागला. वधू सावित्रीबाईंच्या मैत्रिणीची कन्या. ७ मे १८७४ रोजी ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे यांचा विवाह झाला, तेव्हा विरोध इतका वाढला की पोलिसांची मदत घ्यावी लागली. अक्षतांबरोबर पोलीसही आले!

नोंदणी विवाहाचा १८७२ चा कायदा तेव्हा होता. परंतु हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती आदी कोणताच धर्म आपण पाळत नाही, असे त्यासाठी लिहून द्यावे लागे. खेड्यातला कुणबी ते कसे लिहून देणार? विधी राहावा, मध्यस्थ जावा, हा जोतीरावांचा मार्ग त्याला झेपणारा होता. १८८७ साली त्यांनी मराठी मंगलाष्टकांसह पूजाविधीचे पुस्तक काढले. त्यात वधू स्त्रीजातीच्या हक्कांची मागणी करते आणि वर ते देण्याची शपथ वाहतो. काय बोलतो आहोत, हे उभयतांना कळते; पुष्कळशा मांडवांत आजही ते कळत नाही.

त्याआधीच, १८८४ च्या सुमारास, ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी जोशी न बोलावता घरचे लग्न लावले. ग्रामजोशांनी दावा ठोकला. बोलावले नसले तरी वतनाची दक्षिणा आमची, हा त्यांचा युक्तिवाद.

४ फेब्रुवारी १८८९ रोजी, पक्षाघाताने जर्जर असताना, जोतीरावांनी दत्तक पुत्र यशवंत याचा विवाह याच पद्धतीने केला. यशवंत ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला, आणि सून त्याच ज्ञानोबा ससाण्यांची कन्या. पुढच्या वर्षी, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, जोतीराव निवर्तले. न बोलावलेल्या पुरोहिताचा दक्षिणेवरील हक्क रद्द करणारा कायदा मुंबई इलाख्यात १९२६ साली झाला.