एक्स्प्लेनर : ‘पालघर’मध्ये अक्षरे चार, ठोके दोन! तर्खडकरांच्या नावातच लपलाय उच्चाराचा धडा

पालघर स्थानकाच्या पाटीवर अक्षरे चार आहेत : पा, ल, घ, र. बोलताना मात्र दोनच ठोके ऐकू येतात : पाल्-घर्. फोनमधला आवाज हेच नाव ‘पा-ल-घ-र’ असे सुटे वाचतो तेव्हा आपलेच गाव परके वाटते. हे समजून घ्यायला ‘मराठीचे पाणिनी’ म्हणून ओळखले जाणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे आडनाव पुरेसे आहे. ते आले पालघर जिल्ह्यातल्याच, वसई तालुक्यातील तर्खड गावावरून.

कोण होते दादोबा?

जन्म ९ मे १८१४, मुंबई. १८३६ मध्ये, अवघ्या २२व्या वर्षी त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले. त्याआधी १८०५ मध्ये विल्यम कॅरी यांनी मराठीचे व्याकरण लिहिले होते, पण इंग्रजीत. मराठी मुलांना आपल्या भाषेचे नियम आपल्याच भाषेत शिकता यावेत, ही सोय दादोबांच्या पुस्तकाने केली.

आडनाव कसे फोडायचे?

• जोड : तर्खड + कर. उच्चार तर्-खड्-कर्. जोडापाशी ‘ड’मधला आणि शेवटी ‘र’मधला ‘अ’ गळतो. ‘पाल + घर’चेही तसेच.

• प्रत्यय लागला की : ‘तर्खडकरांनी’ म्हणताना ‘क’ सुटा होतो : तर्-खड्-क-रां-नी. ‘पालघरात’ म्हणताना ‘घ’ : पाल्-घ-रात्.

• आघात : जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर जोर येतो. इथे ‘र्ख’मुळे तो ‘त’वर. मराठीत हा जोर सौम्य असतो. डॅनिश भाषेत मात्र लांबलचक जोडशब्दांत मुख्य जोर सहसा पहिल्या घटकावर ठळकपणे पडतो.

कवितेत हिशेब वेगळा

दादोबांनी मोरोपंतांच्या ‘केकावली’वर ‘यशोदा पांडुरंगी’ ही टीका लिहिली. ‘केकावली’ पृथ्वी वृत्तात आहे. या वृत्तात प्रत्येक चरणाची अक्षरे १७. तिथे बोलण्यात गळणारा ‘अ’ही पूर्ण म्हणावा लागतो, नाहीतर चाल मोडते.

व्याकरणापलीकडे

सुरतेत शिक्षक असताना १८४४ मध्ये ते मानवधर्म सभेच्या स्थापनेत होते. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा सुरू झाली. जातिभेद न मानणाऱ्या या सभेचे काम गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली आणि सभा मोडली. त्यांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला. दादोबांचे निधन १७ ऑक्टोबर १८८२ रोजी झाले.

लक्षात काय ठेवायचे?

लांब शब्द दिसला की आधी त्याचा जोड शोधा. तारा + पूर म्हणजे ता-रा-पूर्. जोड सापडला की ‘अ’ कुठे गळतो ते कळते. मुलाला वाचायला शिकवताना फोनच्या आवाजापेक्षा घरातल्या बोलण्यावर भरवसा ठेवा.