कोमरम भीम

कोमरम भीम (जन्म : २२ ऑक्टोबर १९०१, संकेपल्ली, मृत्यू : ऑक्टोबर १९४०, जोडेघाट) हे हैदराबाद संस्थानातील राजगोंड आदिवासींचे पुढारी होते. आसिफाबादच्या डोंगराळ भागातील बारा गावांच्या जमिनीवर आणि जंगलावर तेथील रहिवाशांचा हक्क मान्य व्हावा यासाठी त्यांनी निजाम सरकारशी संघर्ष केला. पोलिसांनी जोडेघाटच्या टेकडीला वेढा घातला असता झालेल्या गोळीबारात ते आणि त्यांचे अनेक साथीदार मारले गेले. जल, जंगल, जमीन ही घोषणा त्यांच्या नावाशी जोडली जाते. त्यांचे नाव कुमरम भीम, कोमाराम भीम असेही लिहिले जाते. तेलंगणातील आदिलाबाद व आसिफाबाद परिसराप्रमाणेच विदर्भातील यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील गोंड समाजातही त्यांना आदराचे स्थान आहे.

प्रदेश

पैनगंगा नदी आज महाराष्ट्रातील यवतमाळ जिल्हा आणि तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा यांच्यामधून वाहते. दोन्ही तीरांवर गोंड, कोलाम आणि परधान या जमातींची वस्ती आहे. त्यांची कुळे आणि देवस्थाने नदीने विभागली गेलेली नाहीत. आदिलाबादमधील केसलापूर येथे मेस्राम कुळाचे गोंड पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरवतात. तिला महाराष्ट्रातूनही भाविक जातात.

राज्यकारभाराच्या दृष्टीने मात्र ही नदी सीमा होती. १८५३च्या करारानुसार निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्यामुळे उत्तर तीरावरील यवतमाळचा प्रदेश, म्हणजे तत्कालीन वणी जिल्हा, इंग्रजी अंमलाखाली गेला आणि दक्षिण तीर निजामाकडे राहिला. किनवट आणि राजुरा हे आज महाराष्ट्रात असलेले तालुके १९५६च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते.

या भागात आदिवासींच्या प्रतिकाराची परंपरा जुनी होती. १८५८मध्ये बाबुराव शेडमाके यांना चंद्रपूर येथे फाशी देण्यात आले. पुढे निर्मळ परिसरात रामजी गोंड यांचा उठाव झाला आणि त्यांनाही फाशी झाली. भीम यांच्या पिढीने या कथा लहानपणापासून ऐकल्या होत्या.

जमिनीचा प्रश्न

आदिलाबादच्या पठारावरील जमीन हलक्या प्रतीची आहे. काही वर्षे पीक घेतल्यावर ती पडीक ठेवायची, दुसरा तुकडा कसायचा आणि पहिल्या तुकड्याचा कस भरून आला की पुन्हा तिकडे वळायचे, अशी गोंड शेतकऱ्यांची रीत होती. बहुतेकांकडे जमिनीचा पट्टा नव्हता. ते सरकारी जमीन कसत व सारा भरत. निजामाच्या महसुली व्यवस्थेत या प्रकारच्या वहिवाटीला शिवाय जमाबंदी म्हणत. सारा भरला तरी त्यातून कायम मालकी मिळत नसे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत संस्थानाने राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या. त्या वेळी पडीक ठेवलेली शेते मोजणीत रान म्हणून धरली गेली आणि राखीव वनात समाविष्ट झाली. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर नांगर घालणे हा गुन्हा ठरला. गुरे चारणे, लाकूड तोडणे आणि रानातील उपज गोळा करणे यांवर कर व दंड बसले. वनखात्याचे कनिष्ठ नोकर लाच मागत, अशा तक्रारी होत्या. याच काळात सपाटीच्या भागात बाहेरून शेतकरी व सावकार येऊ लागले. १९२९मध्ये काझीपेठ–बल्लारशा लोहमार्ग पूर्ण झाल्यानंतर त्यांची संख्या वाढली. नव्याने आलेल्यांना कागदपत्रांची माहिती असल्याने त्यांनी पट्टे मिळवले. अनेक गोंड कुटुंबे पूर्वी स्वतः कसत असलेल्या शेतांवर कुळे किंवा मजूर झाली.

पूर्वायुष्य

भीम यांचा जन्म आसिफाबादजवळील संकेपल्ली या गावी राजगोंड कुटुंबात झाला. त्यांना शालेय शिक्षण मिळाले नाही. आदिवासींच्या हक्कांसाठी उभे राहिलेले त्यांचे वडील वनकर्मचाऱ्यांशी झालेल्या संघर्षात मारले गेले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. त्यानंतर कुटुंब सुर्दापूर येथे राहण्यास गेले आणि तेथे शेती करू लागले.

सुर्दापूरला पीक कापणीला आले असताना जमीनदाराच्या वतीने सिद्दिक नावाचा माणूस ते जप्त करण्यास आला. त्या वेळी झालेल्या झटापटीत तो भीम यांच्या हातून मारला गेला. अटक टाळण्यासाठी भीम यांनी गाव सोडले. चंद्रपूर भागात विठोबा नावाच्या मुद्रकाने त्यांना आसरा दिल्याचे आणि त्याच्याकडे काम करताना ते लिहा-वाचायला शिकल्याचे सांगितले जाते. विठोबाला अटक झाल्यावर ते आसामात गेले आणि सुमारे साडेचार वर्षे चहाच्या मळ्यांत मजुरी केली. मळ्यातील मजुरांच्या हालचालींत भाग घेतल्याबद्दल त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. तेथून निसटून ते मालगाडीने बल्लारशाला परतले. आंध्रातील अल्लूरी सीताराम राजू यांच्या रंपा उठावाची हकिगत त्यांनी याच प्रवासकाळात ऐकली, अशी परंपरा आहे.

परतल्यावर त्यांनी काकनघाट येथील लच्छू पटेल यांच्याकडे काम धरले. पटेलांच्या जमिनीचा वाद त्यांनी कचेरीत चालवला आणि त्याचा निकाल पटेलांच्या बाजूने लागला. कागद वाचू शकणारा आणि अधिकाऱ्यांसमोर बोलू शकणारा गोंड तरुण म्हणून त्यांचे नाव आसपासच्या गावांत झाले. याच सुमारास त्यांचा विवाह सोमबाई यांच्याशी झाला.

बाबेझरी आणि बारा गावे

पुढे भीम यांनी काही कुटुंबांसह बाबेझरी येथे रान साफ करून शेती सुरू केली. वनखात्याने ही वस्ती बेकायदा ठरवून ती उठवण्याचा आदेश दिला. भीम यांनी प्रथम अर्जविनंत्यांचा मार्ग धरला. निजामासमोर गाऱ्हाणे मांडण्यासाठी ते हैदराबादला गेले, परंतु भेट मिळाली नाही, असे सांगितले जाते. इकडे वनकर्मचाऱ्यांनी वस्तीवरील झोपड्या जाळल्या.

त्यानंतर आंदोलनाचे स्वरूप बदलले. जोडेघाट, बाबेझरी, पाटनापूर, टोकेनमोवाड, नरसापूर, शिवगुडा, कल्लेगाव यांसह बारा गावांतील गोंड व कोलाम तरुण भीम यांच्याभोवती जमले. त्यांनी वनकर्मचाऱ्यांना गावांतून हुसकावून लावले आणि जमीनदारांच्या हस्तकांवर हल्ले केले. सरकारला सारा व दंड देण्याचे थांबले. या गावांचा कारभार गोंडांनीच पाहावा, अशी मागणी पुढे आली. भरमार बंदुका, भाले आणि कुऱ्हाडी एवढीच त्यांची शस्त्रसामग्री होती. सरकारने काही जमिनींचे पट्टे देण्याची तयारी दाखवली होती. भीम यांनी मात्र बारा गावांच्या स्वायत्ततेचा आणि अटकेतील लोकांच्या सुटकेचा आग्रह धरला. वाटाघाटी फिसकटल्या.

जोडेघाटचा वेढा

१९४०मध्ये आसिफाबादहून सशस्त्र पोलिसांचे पथक जोडेघाटकडे पाठवण्यात आले. भीम आपल्या साथीदारांसह टेकडीवर होते. त्यांच्यातीलच एकाने त्यांचा ठावठिकाणा कळवला, असे लोककथा सांगतात. पोलिसांनी टेकडीला वेढा घालून गोळीबार केला. भीम आणि त्यांचे दहापेक्षा अधिक साथीदार जागीच ठार झाले आणि अनेकजण जखमी झाले. उरलेल्यांची धरपकड करण्यात आली.

ही घटना आश्विन पौर्णिमेच्या रात्री घडली असे गोंड समाज मानतो आणि त्याच तिथीला स्मृतिदिन पाळतो. तत्कालीन व नंतरच्या वृत्तांतांत घटनेच्या वेगवेगळ्या तारखा आढळतात. मृतांची संख्याही अकरा ते सोळा अशी वेगवेगळी दिली जाते.

पैनगंगेच्या उत्तर तीरावरील सत्याग्रह

वनकायद्याविरुद्धचा असंतोष उत्तर तीरावरही होता. लोकनायक माधव श्रीहरी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रहाला आरंभ केला. त्यांना अटक होऊन कारावास झाला. त्यानंतर वऱ्हाड व मध्य प्रांतात ठिकठिकाणी सत्याग्रही तुकड्यांनी गवत कापून कायदा मोडला. २५ सप्टेंबर १९३० रोजी कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार होऊन अनेकांचा बळी गेला.

पुसद आणि जोडेघाट येथील गाऱ्हाणे बरेचसे सारखे होते. रानातील गवत, लाकूड व जमीन यांच्या पारंपरिक वापराला सरकारने गुन्हा ठरवले होते. दोन्हींच्या मार्गांत व परिणामांत मोठे अंतर पडले. पुसदच्या सत्याग्रहामागे काँग्रेसची संघटना, वकील आणि वृत्तपत्रे होती. सत्याग्रहींवर न्यायालयात खटले चालले व त्यांची नावे नोंदली गेली. जोडेघाटच्या गावांमागे असे कोणतेही बळ नव्हते. तेथे मारल्या गेलेल्या बहुतेकांची नावे बाहेरच्या जगापर्यंत पोहोचलीच नाहीत.

मृत्यूनंतरचे परिणाम

उठाव मोडल्यानंतर गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्याची गरज निजाम सरकारला वाटली. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे हे काम सोपवण्यात आले. त्यांनी आदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाई येथे मुक्काम करून अभ्यास केला. राखीव वनाच्या आखणीत गोंडांच्या पडीक जमिनी गेल्या, पट्टे नसल्याने ते निराधार झाले आणि दाद मागण्याची सोय त्यांना नव्हती, असे निष्कर्ष त्यांनी मांडले. भीम यांच्या अर्जांतील तक्रारीही याच स्वरूपाच्या होत्या.

त्यानंतर आदिवासींना जमिनीचे पट्टे देण्याची मोहीम सुरू झाली. १९४९पर्यंत जिल्ह्यात सुमारे १ लाख ६० हजार एकर जमीन ११ हजारांहून अधिक आदिवासींच्या नावे करण्यात आली. १९४३मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले आणि देवनागरी लिपीत गोंडी भाषेची पाठ्यपुस्तके तयार झाली. अधिकाऱ्यांनी गाऱ्हाणी ऐकावीत म्हणून केसलापूरच्या नागोबा जत्रेत दरबार भरवण्याची प्रथाही याच दशकात सुरू झाली. ती आजही चालू आहे. आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र विनियमही करण्यात आला.

या सुधारणा टिकाऊ ठरल्या नाहीत. स्वातंत्र्योत्तर काळात बाहेरून आलेल्यांकडे आदिवासींच्या जमिनी पुन्हा जाऊ लागल्या. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या प्रश्नावरील सभेसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडेवारीनुसार त्यात १३ जण मृत्युमुखी पडले. मानवी हक्क संघटनांनी याहून मोठी संख्या सांगितली. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या वनजमिनीवरील हक्काला देशपातळीवर कायदेशीर मान्यता २००६च्या वनहक्क कायद्याने मिळाली. या कायद्यानुसार यवतमाळ आणि आदिलाबाद या दोन्ही जिल्ह्यांतील ग्रामसभांना वनहक्काचे दावे स्वीकारण्याचा व तपासण्याचा अधिकार आहे.

इतिहास आणि आख्यायिका

भीम यांनी स्वतः लिहिलेले काहीही प्रसिद्ध नाही. त्यांच्या आयुष्याची माहिती मुख्यतः गोंड व परधान लोकांच्या मौखिक परंपरेतून, सरकारी कागदपत्रांतून आणि हायमेनडॉर्फ यांच्या लेखनातून मिळते. आसामातील वास्तव्य, विठोबाचा छापखाना आणि निजामाच्या भेटीचा प्रयत्न हे प्रसंग प्रामुख्याने मौखिक परंपरेवर आधारलेले आहेत. बाबेझरी येथील जमिनीचा वाद आणि जोडेघाटचा गोळीबार यांना समकालीन लेखनाचा आधार आहे. सरकारी दृष्टीने ते बंडखोर होते. गोंड समाजात त्यांना पूजनीय पूर्वजाचे स्थान मिळाले.

साहू आणि अल्लम राजय्या यांनी लिहिलेल्या तेलुगू कादंबरीमुळे १९८०च्या दशकात भीम यांचे चरित्र आदिवासी समाजाबाहेरील वाचकांपर्यंत पोहोचले. त्यांच्यावर अल्लाणी श्रीधर यांनी चित्रपट दिग्दर्शित केला. एस. एस. राजामौली यांच्या २०२२च्या आरआरआर या चित्रपटात भीम आणि अल्लूरी सीताराम राजू यांची मैत्री दाखवली आहे. ती काल्पनिक असून या दोघांची भेट झाल्याचा पुरावा नाही.

स्मरण

जोडेघाट येथे दरवर्षी आश्विन पौर्णिमेला मोठ्या संख्येने आदिवासी जमतात. पारंपरिक पूजेनंतर शासकीय दरबारही भरतो आणि त्यात जमीन, रस्ते व पाणी यांविषयीच्या तक्रारी मांडल्या जातात. तेथे भीम यांचे स्मारक व आदिवासी संग्रहालय उभारण्यात आले आहे. हैदराबाद येथे हुसेनसागरच्या बांधावर त्यांचा पुतळा आहे. आसिफाबादजवळील पेद्दवागू नदीवरील धरणाला त्यांचे नाव दिले आहे. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी तेलंगणात नव्या जिल्ह्यांची निर्मिती झाली, तेव्हा आसिफाबाद परिसराचा जिल्हा त्यांच्या नावाने स्थापन करण्यात आला. ज्या कचेरीतून १९४०मध्ये पोलीस जोडेघाटकडे निघाले, ते आसिफाबाद आज कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्याचे मुख्यालय आहे.