मायकेल फॅरडे आणि दख्खनचें पोलाद

नवनव्या पदार्थांच्या संशोधनासाठीं शास्त्रज्ञांच्या परिषदा ठिकठिकाणीं भरत असतात. आपल्या मराठवाड्यांतही त्या भरतात. अशा परिषदेंत विद्वान् मंडळी आपल्या प्रयोगांचे बरेवाईट निष्कर्ष एकमेकांपुढें ठेवतात. असें मोकळेपणानें सांगणें किती मोलाचें असतें, तें मायकेल फॅरडे यांच्या चरित्रांतील एका प्रकरणावरून चांगलें कळून येतें.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरीं झाला. शालेय शिक्षण बेताचेंच झालें. चौदाव्या वर्षीं ते एका पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारीस राहिले. बांधावयास आलेलीं पुस्तकें ते बांधीत आणि वाचीतही. १८१२ सालीं सर हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञांचीं व्याख्यानें त्यांस ऐकावयास मिळालीं. त्यांचीं टिपणें सुवाच्य लिहून व स्वतः बांधून त्यांनीं डेव्हींकडे पाठविलीं. पुढें मार्च १८१३ मध्यें रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेंत त्यांस साहाय्यकाची जागा मिळाली.

त्या काळीं हिंदुस्थानच्या पोलादानें विलायतेंतील विद्वानांस कोडें घातलें होतें. या पोलादास तिकडे वूट्झ म्हणत. मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनीं १७९४ सालीं त्याचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले होते. दक्षिणेंत तें अनेक गांवीं होई. नांदेडच्या शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यांतील कोनासमुद्रम् हें त्यांपैकींच एक. नांदेड, लातूर व निजामाबाद १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यांत होतीं, म्हणून हा वारसा आपल्याही घरचाच म्हणावयाचा. तेथील कारागीर मातीच्या बंद मुशींत लोखंड घालून तीं भट्टींत दीर्घकाळ तापवीत. तें पोलाद नेण्यास इराणचे व्यापारी त्या गांवापर्यंत येत.

१८१९ सालीं फॅरडे यांनीं या पोलादाचें पृथक्करण केलें. माती व वाळू यांत असणाऱ्या ॲल्युमिना व सिलिका या द्रव्यांमुळें त्यास गुण येतो, असें त्यांनीं अनुमान काढलें. अनुमान चुकीचें होतें; खरें कारण लोखंडांत मुरलेला कार्बन हें होय. परंतु त्यांनीं तें छापून जगापुढें ठेवलें, म्हणूनच इतरांस तें तपासतां व सुधारतां आलें. शस्त्रक्रियेचीं हत्यारें घडविणारे कुशल कारागीर जेम्स स्टोडार्ट यांच्या साह्यानें त्यांनीं पोलादांत चांदी, निकेल, प्लॅटिनम, ऱ्होडियम, क्रोमियम इत्यादि धातु मिसळून पाहिले आणि १८२० व १८२२ सालीं ते प्रयोग प्रसिद्ध केले. आज आपल्या घरांतील न गंजणाऱ्या स्टीलच्या भांड्यांत क्रोमियम असतो, हें ध्यानांत घ्यावें. फॅरडे यांचे नमुने जपून ठेविलेले होते. शंभरांहून अधिक वर्षांनीं, १९३१ सालीं, सर रॉबर्ट हॅडफील्ड यांनीं त्यांतील ७९ नमुने तपासून त्यांवर ग्रंथ लिहिला.

भिंगांसाठीं उत्तम कांच करण्याच्या खटपटींतही फॅरडे यांचीं कित्येक वर्षें गेलीं व यश बेताचेंच आलें. तथापि त्यांतीलच एका जड कांचेनें १८४५ सालीं चुंबकाचा प्रकाशावर होणारा परिणाम त्यांस दाखवून दिला. विजेच्या यंत्रांचा पाया घालणारा त्यांचा १८३१ चा शोध तर सर्वश्रुतच आहे. मुलांसाठीं नाताळांत व्याख्यानें देण्याचा परिपाठ त्यांनीं अनेक वर्षें चालविला. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

आतां दुसरी बाजू पाहा. कोनासमुद्रमच्या कारागिरांचें पोलाद उत्तम प्रतीचें होतें. पण त्यांचें कसब हातांतून हातांत जात असे, कागदावर उतरत नसे. विलायती पोलाद स्वस्त मिळूं लागतांच भट्ट्या विझल्या आणि त्यांबरोबर तें ज्ञानही बहुतांशीं लोपलें. त्या कुशल हातांच्या धन्यांचीं नांवेंदेखील आज आपणांस ठाऊक नाहींत. चुकलेलें अनुमान उघड लिहिल्यानें टिकलें व सुधारलें. अचूक कसब लिहिलें न गेल्यानें नाहींसें झालें.

म्हणून मुलांनो, प्रयोगवहींत उत्तर चुकलें तरी तें खोडूं नका. जें दिसलें तें प्रामाणिकपणें लिहा आणि दुसऱ्यांस दाखवा. आईबापांसही एक विनंति: आपल्या घरांत सुतारकी, लोहारकी, विणकाम असें एखादें पिढीजात कसब असेल, तर तें मुलांकडून लिहवून घ्यावें.