झोपडपट्टीतला सेमिनरीचा विद्यार्थी : तोयोहिको कागावा

सेमिनरीचा अभ्यास आधी पुरा करावा, पदवी हाती पडावी आणि मग लोकांमध्ये जाऊन सेवेला लागावे, असा क्रम आपल्या मंडळ्यांत बहुतेक जण गृहीत धरतात. उलट, तरुणांत व वस्त्यांत राबणाऱ्या कित्येकांना वाटते की, ईश्वरविज्ञानाच्या जाड ग्रंथांशी आपल्याला काय करायचे आहे? जपानचे ख्रिस्ती सेवक तोयोहिको कागावा यांनी ही दोन्ही कामे एकाच वेळी केली. शब्बाथशाळेचे शिक्षक आणि तरुण संघाचे कार्यकर्ते यांच्या उपयोगी पडेल म्हणून त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

कागावांचा जन्म १० जुलै १८८८ रोजी कोबे शहरात झाला. वडील प्रतिष्ठित घराण्यातले होते. आई त्यांची लग्नाची पत्नी नव्हती. मूल चार वर्षांचे असतानाच आईवडील दोघेही वारले, आणि त्याची रवानगी वडिलांच्या पत्नीकडे गावी झाली. तेथे अन्नवस्त्राला कमी नव्हते, पण मायेचे कोणी नव्हते. पुढे शाळेत असताना इंग्रजी शिकण्याच्या निमित्ताने ते लोगन व मायर्स या दोन अमेरिकन मिशनऱ्यांकडे जाऊ लागले. त्या घरांत त्यांना जिव्हाळा मिळाला आणि ख्रिस्ताची ओळखही झाली. १९०४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नातलगांचा आधार सुटला, तरी मिशनऱ्यांच्या मदतीने ते १९०५ मध्ये टोकियोच्या मेजी गाकुइन या ख्रिस्ती विद्यालयात गेले आणि १९०७ मध्ये कोबे येथील सेमिनरीत दाखल झाले. त्याच सुमारास क्षयाने त्यांना गाठले. समुद्रकाठी कोळ्यांच्या वस्तीत, एका साध्या झोपडीत त्यांना बरेच दिवस काढावे लागले. त्यातून ते वाचले, पण प्रकृती जन्मभर नाजूकच राहिली.

कोबे हे मोठे बंदर. तेथील शिनकावा या झोपडपट्टीत हजारो गरीब माणसे अंधाऱ्या, दाटीवाटीच्या खोल्यांत राहत. रोजंदारीचे मजूर, आजारी, भिकारी, जुगारी असे सर्व तऱ्हेचे लोक तेथे होते. कागावा प्रथम तेथील रस्त्यांवर उभे राहून शुभवर्तमान सांगत व रात्री वसतिगृहात परतत. परंतु उपदेश करून निघून जाणे त्यांच्या मनाला पटेना. देवाचा पुत्र मनुष्यांमध्ये येऊन राहिला हे आपण वर्गात शिकतो, तर आपणही त्या लोकांत जाऊन राहिले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. २४ डिसेंबर १९०९ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, एकवीस वर्षांचा हा विद्यार्थी आपले सामान घेऊन शिनकावात राहायला गेला. खोली स्वस्त मिळाली, कारण तेथे पूर्वी खून झाला होता आणि भुताच्या भीतीने कोणी ती घेत नव्हते.

सेमिनरीचा अभ्यास त्यांनी सोडला नाही. १९११ साली तो पुरा होईपर्यंत वस्ती आणि वर्ग दोन्ही चालू होते. खोलीत त्यांनी निराश्रितांना आसरा दिला. पहिल्या सोबत्यांपैकी एकाला खरूज होती. या सहवासातूनच त्यांना खुपऱ्यांचा विकार जडला आणि दृष्टी कायमची अधू झाली. ते मुलांची शब्बाथशाळा घेत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत, ज्यांचे कोणी नाही अशांना मूठमाती देत. पैशाच्या लोभाने नकोशी तान्ही बाळे सांभाळायला घ्यायची आणि उपाशी ठेवून मरू द्यायची, असा भयंकर प्रकार त्या वस्तीत चाले. अशी एक मुलगी त्यांनी स्वतःच्या खोलीत आणून सांभाळली. १९१३ मध्ये त्यांचा विवाह हारू शिबा यांच्याशी झाला. त्या छापखान्यात पुस्तकबांधणीचे काम करीत असत. त्या थेट शिनकावातच संसाराला आल्या.

काही वर्षांच्या अनुभवानंतर कागावांना एक गोष्ट सलू लागली. एकाला जेवू घातले तर दारी दुसरे दहा उभे राहत. केवळ दानधर्माने दारिद्र्य हटत नाही, त्याची कारणे समजून घेतली पाहिजेत, हे त्यांना वस्तीने शिकविले. म्हणून ते पुन्हा अभ्यासाकडे वळले. १९१४ मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टन सेमिनरीत गेले. इकडे हारूबाईंनीही योकोहामा येथे स्त्रियांच्या बायबल शाळेत शिक्षण घेतले. न्यूयॉर्कमध्ये शिवणकामगारांचा प्रचंड मोर्चा पाहून, कामगारांनी स्वतःच एकत्र आले पाहिजे, ही गोष्ट कागावांच्या मनात ठसली. १९१७ मध्ये परतल्यावर ते पुन्हा शिनकावातच राहिले आणि कामगार संघटनांच्या कामाला लागले. १९२१ मध्ये कोबे येथील जहाजबांधणी कामगारांच्या मोठ्या संपात पुढाकार घेतल्याबद्दल त्यांना अटक झाली. त्याच वर्षी त्यांच्या मार्गदर्शनाने तेथे सहकारी ग्राहक संस्था निघाल्या. त्यांतून वाढलेल्या आजच्या संस्थेचे दहा लाखांहून अधिक सभासद आहेत. १९२२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह शेतकऱ्यांची संघटना उभारली. १९२० साली निघालेली त्यांची आत्मचरित्रपर कादंबरी अतिशय खपली. तिचे उत्पन्न या कार्यांत गेले. १९२३ च्या भूकंपानंतर ते टोकियोला मदतकार्यासाठी गेले आणि पुढे तेथेच स्थायिक झाले.

आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आला. डिसेंबर १९३८ मध्ये मद्रासजवळ तांबरम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेला ते आले होते, आणि जानेवारी १९३९ मध्ये गुजरातेत बारडोली येथे त्यांनी महात्मा गांधींची भेट घेतली. जपानचे सैन्य तेव्हा चीनमध्ये लढत होते. त्या युद्धाचा प्रश्न गांधीजींनी त्यांच्यापुढे काढला. १९४० मध्ये युद्धविरोधी विचारांबद्दल कागावांना लष्करी पोलिसांनी अटक केली. परंतु पुढे युद्ध पेटल्यावर त्यांनीच अमेरिकेविरुद्ध रेडिओवरून भाषणे केली.

त्यांची आणखी एक चूक आपण झाकू नये. जपानात बुराकुमिन नावाचा समाज आहे. चामड्याचे काम, मेलेली जनावरे ओढणे अशा कामांमुळे त्याला पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्याप्रमाणे वागविण्यात आले. कागावांनी १९१५ साली गरिबांच्या मानसशास्त्रावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या समाजाविषयी, तो जणू जन्मानेच हीन असावा, अशी विधाने त्यांनी केली. त्या काळच्या वंशविषयक पुस्तकांतील मते त्यांनी उचलली होती. पुढे खुद्द जपानच्या मंडळीतही यावरून फार चर्चा व टीका झाली. ज्या वस्तीत त्यांनी आपले डोळे गमावले, तेथल्याच माणसांविषयी त्यांनी असे लिहावे, हे वाचून दुःख होते. आपल्या मंडळ्यांतील अनेक कुटुंबांनी असाच अपमान सोसला आहे. त्यांना याचे स्पष्टीकरण नको. सेवा मनापासून केली तरी ज्यांची सेवा करतो त्यांना बरोबरीचे मानून त्यांचे म्हणणे ऐकले नाही, तर अभ्यासही असा भरकटतो.

कागावा २३ एप्रिल १९६० रोजी टोकियो येथे निवर्तले.

आपल्या मंडळीतला एखादा तरुण सेमिनरीत जाण्याची तयारी करीत असेल, तर त्याला पदवीची वाट पाहायला न लावता आजच वस्तीतल्या मुलांचा एक वर्ग सोपवावा. जे शिक्षक वर्षानुवर्षे असे वर्ग घेत आहेत, त्यांना अभ्यासासाठी पुस्तके आणि सवड मिळेल, याकडे पंचांनी लक्ष द्यावे. आणि त्या मुलांच्या आईवडिलांना, तुम्हाला आमच्याकडून काय हवे आहे, हे एकदा घरी जाऊन विचारावे, अशी आमची सर्व वाचकांना विनंती आहे.