एका चकतीने वाचवले लढाऊ विमान! कोण होत्या बीट्रिस शिलिंग?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या स्पिटफायर, हरिकेन विमानांनी नाक खाली करून एकदम सूर मारला, की त्यांचे मर्लिन इंजिन बंद पडायचे. जर्मन विमानांत कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन होते. ती निसटून जायची.

यावर तोडगा काढला बीट्रिस शिलिंग यांनी. जन्म १९०९, इंग्लंड. चौदाव्या वर्षी त्यांनी मोटरसायकल घेतली. मँचेस्टर विद्यापीठात इंजिनीअरिंग शिकून १९३६ मध्ये त्या विमान संशोधन संस्थेत रुजू झाल्या.

दोष दुहेरी होता. सूर मारताच कार्ब्युरेटरमधले पेट्रोल वर उसळायचे आणि इंजिन क्षणभर उपाशी राहायचे. त्याच वेळी फ्लोट खाली जाऊन झडप पूर्ण उघडायची. मग पेट्रोलचा पूर यायचा आणि इंजिन गुदमरायचे.

शिलिंग यांनी पेट्रोलच्या नळीत भोक असलेली छोटी धातूची चकती बसवली. इंजिनाला पूर्ण ताकदीसाठी लागते, तेवढेच पेट्रोल त्यातून जाई. १९४१ मध्ये त्या स्वतः विमानतळांवर फिरून चकत्या बसवून घेत होत्या. उलट्या उड्डाणाचा प्रश्न मात्र उरलाच. त्यासाठी पुढे नवे कार्ब्युरेटर आले. शिलिंग यांचे १९९० मध्ये निधन झाले.

कार्ब्युरेटर असलेली जुनी मोटार बंद पडली, तरी पहिला प्रश्न तोच: पेट्रोल कमी पडले की जास्त झाले?