झाँ-आंरी फाब्र

झाँ-आंरी काझिमिर फाब्र (डिसेंबर १८२३ – ११ ऑक्टोबर १९१५) हे फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ, शिक्षक व लेखक होते. घराभोवतालच्या बागेत जिवंत कीटकांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून त्यांनी कीटकविषयक आठवणींचा दहा खंडांचा ग्रंथ (१८७९–१९०७) लिहिला.

दक्षिण फ्रान्समधील एका खेड्यात, गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिष्यवृत्तीच्या बळावर आव्हिन्यों येथे शिक्षण घेऊन ते शिक्षक झाले. पगार तुटपुंजा आणि संसार मोठा. मंजिष्ठाच्या जातीच्या वनस्पतीपासून रंग काढण्याची कृती त्यांनी परिश्रमपूर्वक सुधारली. परंतु जर्मनीत कृत्रिम अलिझारिन तयार झाल्याने ते श्रम वाया गेले. सायंवर्गात मुलींना फुलांच्या फलनक्रियेविषयी शिकवल्यामुळे सनातनी मंडळींचा रोष ओढवला व १८७० मध्ये राहते घरही सोडावे लागले. या प्रसंगी तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी त्यांना ३,००० फ्रँक उसने दिले. त्यानंतर शालेय पुस्तके लिहून त्यांनी उदरनिर्वाह केला.

१८७९ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी सेरिन्याँ येथे सुमारे एक हेक्टर जमीन विकत घेतली. तिचे नाव 'आर्मास', म्हणजे स्थानिक भाषेत दगडगोट्यांची पडीक जमीन. शेतकऱ्याला नकोशी असलेली ही काटेरी झुडपांची जागा माश्या व गांधीलमाश्यांना मात्र मानवत असे, आणि फाब्र यांना तेच हवे होते.

त्यांचे प्रयोग साध्या साधनांचे, पण चिकाटीचे होते. गांधीलमाशीने बिळात साठवलेले भुंगे मेलेले असून विषामुळे टिकतात, असा समज होता. ते मेलेले नसून दंशामुळे लुळे पडलेले असतात, असे त्यांनी पूर्वीच दाखवले होते. आर्मासमध्ये त्यांनी पाइन वृक्षावरील, रांगेने चालणाऱ्या सुरवंटांना एका कुंडीच्या काठावर वर्तुळाकार फिरताना पाहिले. अन्न जवळच असूनही ते सुमारे सात दिवस फिरतच राहिले. कोशातून बाहेर आलेली एका मोठ्या पतंगाची मादी जाळीखाली ठेवली असता, त्याच रात्री सुमारे चाळीस नर घरात शिरले. मादीला हवाबंद भांड्यात ठेवल्यावर मात्र कोणी फिरकेना. अशा आकर्षक द्रव्याची रासायनिक ओळख प्रथम १९५९ मध्ये, रेशीमकिड्याच्या पतंगात, पटली.

डार्विन यांनी त्यांच्या निरीक्षणशक्तीची मुक्तकंठाने प्रशंसा केली. फाब्र यांनी मात्र उत्क्रांतिवाद अखेरपर्यंत स्वीकारला नाही; कीटकांची सहजप्रेरणा हळूहळू घडत गेली असेल, हे त्यांना पटत नसे. या बाबतीत विज्ञान त्यांच्या बाजूने राहिले नाही, तरी त्यांच्या नोंदींचे मोल त्यामुळे कमी झाले नाही.

प्रसिद्धी उशिरा आली. १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्वँकारे त्यांना भेटण्यासाठी सेरिन्याँला आले, तेव्हा ते नव्वदीच्या उंबरठ्यावर होते. आर्मास आता फ्रान्सच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयाच्या अखत्यारीत असून तेथे त्यांनी जलरंगात काढलेली भूछत्रांची शेकडो चित्रे जतन केलेली आहेत.